इंजिनिअर नक्की कोणाला म्हणायचं? डिग्रीवाल्याला, सहीवाल्याला की पाना हातात असलेल्याला?

टेस्टलॅम्प

मंडळी, वाद जुनाच आहे पण आमच्या घरात परत पेटलाय म्हणून इथे टाकतोय. मी डिप्लोमावाला, पॅकेजिंग मशीनच्या सर्व्हिसला आहे, कार्डावर 'फील्ड सर्व्हिस इंजिनिअर' छापलेलं. परवा फॅमिली ग्रुपवर आतेभावाने (स्ट्रक्चरलमध्ये एमटेक, हे तो दर दोन वाक्यांनी सांगतोच) लिहिलं की अरे तू टेक्निशियन आहेस, इंजिनिअर हा शब्द असा कोणीही उचलून लावायचा नसतो. झालं. त्यावर त्याच्याच बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने विचारलं की मग मी कोण, माझी तर बीएस्सी फिजिक्स आणि पद 'सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर'. तेव्हापासून भाऊ ऑनलाइन दिसतो पण बोलत नाही.

तर प्रश्न असे, की कुठल्या देशात या शब्दाला कायद्याने काही कुंपण आहे का? दुसरं म्हणजे अमेरिकन लोक रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्याला पण इंजिनिअर म्हणतात ते कुठून आलं? आणि साउंड इंजिनिअर, सेल्स इंजिनिअर, आता तर प्रॉम्प्ट इंजिनिअर (एआयला सूचना लिहून देणारा), ही सगळी वऱ्हाडी मंडळी एकाच शब्दात कशी काय बसली? भांडण लावायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. (थोडं भांडणात वापरणार आहे, खोटं कशाला बोलू.)

जुनीपोथी

तुमच्या आतेभावाला सांगा की शब्दाचा जन्म कॉलेजात नाही, किल्ल्याच्या तटाखाली झालाय.

लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी, हुशारी. मग हुशारीने केलेली वस्तू पण तीच, आणि मध्ययुगात हुशारीने केलेली सगळ्यात मोठी वस्तू कुठली तर तटबंदीवर धोंडे फेकणारी यंत्रं. ती बांधणारा आणि चालवणारा तो 'इंजेनिएटर', तिथून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. म्हणजे वाफेचं इंजिन यायच्या कितीतरी आधीपासून इंजिनिअर होताच. लोकांना वाटतं इंजिन आलं म्हणून इंजिनिअर आला, तर तसं नाहीये, दोघं एकाच घरातले आणि यातला इंजिनिअर हा सुरुवातीला निव्वळ लष्करी माणूस. आजही सैन्यात 'इंजिनिअर्स' म्हटलं की पूल टाकणारे, सुरुंग पेरणारे आणि काढणारे हाच अर्थ घेतात.

'सिव्हिल' हे लेबल त्यामुळेच लागलं. अठराव्या शतकात जॉन स्मीटन, ज्याने एडिस्टनचं दीपगृह बांधलं (१७५९ ला पूर्ण), त्याने स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घ्यायला सुरुवात केली, कारण एवढंच सांगायचं होतं की मी फौजेतला नाही. १७७१ मध्ये त्यांची सोसायटी निघाली, १८१८ मध्ये लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स, आणि तिला १८२८ मध्ये सनद मिळाली तेव्हाची व्याख्या थॉमस ट्रेडगोल्डची, की निसर्गातले शक्तीचे मोठे स्रोत माणसाच्या उपयोगाला आणि सोयीला लावण्याची कला. व्याख्या किती ऐसपैस आहे बघा, डिग्रीचं नाव नाही. आपण मराठीत सिव्हिलचं 'स्थापत्य' केलं त्यात ही लष्कराबाहेरची गंमत बुडाली, नाहीतर तेव्हाच्या चालीने 'मुलकी इंजिनिअर' व्हायला हवं होतं.

नंतर कारखाने आणि रेल्वे आल्या, यंत्रवाले वेगळे झाले, १८४७ ला मेकॅनिकलवाल्यांची स्वतंत्र संस्था निघाली आणि पहिला अध्यक्ष कोण तर रेल्वेवाला जॉर्ज स्टीफन्सन. हा माणूस शाळेत न जाता खाणीतल्या इंजिनांवर काम करत वर आलेला, अठरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. आतेभावाच्या नियमाने तो पण टेक्निशियन.

रेल्वेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये 'इंजिन ड्रायव्हर' रुळलं आणि अमेरिकेत 'इंजिनिअर'. जुन्या अर्थाने अमेरिकन काही चूक करत नाहीयेत, यंत्र बांधणारा आणि चालवणारा हा फरक शब्दात आधीपासूनच नव्हता, तो नंतर लोकांनी पाडला.

जाता जाता, अरबीत इंजिनिअरला 'मुहंदिस' म्हणतात, तो आला 'हंदसा' म्हणजे भूमितीवरून, आणि हंदसा आला फारसी 'अंदाझा' म्हणजे मापावरून. आपला अंदाज त्याच घराण्यातला. म्हणजे युरोपातला इंजिनिअर युक्तीवाला आणि तिकडचा मापवाला. आणि आपल्याकडे अंदाजपत्रक करतो तो पण इंजिनिअरच, फक्त ते माप का फुगतं ते भूमितीत सापडत नाही 😄

तेलकट_हात

जहाजावरचा आहे, म्हणून रेल्वेवाल्या मुद्द्याला जोडून लिहितो.

आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे आजही इंजिन चालवणारा आणि तोच खोलणारा, दोन वेगळी माणसं नाहीत. चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब, मग सेकंड, मग तीन साब, चार साब, आपल्या क्रूमध्ये हेच चालतं, नाव कोणी घेत नाही. कामं पण वाटलेली, बहुतेक जहाजांवर मेन इंजिन सेकंडकडे, जनरेटर तीन साबकडे आणि प्युरिफायर, कॉम्प्रेसर, पंप हे चार साबच्या गळ्यात.

आता प्युरिफायर म्हणजे काय, तर जड तेल गरम करून प्रचंड वेगात फिरवायचं म्हणजे पाणी आणि गाळ कडेला जातो आणि स्वच्छ तेल आतून निघतं. त्यात पाण्याने एक सील धरलेलं असतं, तापमान घसरलं किंवा चुकीची डिस्क बसली की ते सील तुटतं आणि चांगलं तेल सरळ पाण्याच्या वाटेने स्लज टँकमध्ये जायला लागतं. अलार्म वाजतो, रात्रीचे तीन वाजलेले असतात, चार साब बॉइलर सूट चढवून खाली, बाऊल उघडायचा, डिस्कच्या चळतीतली एकेक डिस्क घासायची, ओ-रिंग बदलायची, परत लावायचं, आणि क्रम चुकला तर परत सगळं उघडायचं. तेव्हा हा डिझाइनवाला का मेंटेनन्सवाला असं विचारणारं तिथे कोणी नसतं.

पण म्हणून कोणीही उठून इंजिनिअर होतो असंही नाही बरं का. १९७८ चं एसटीसीडब्ल्यू कन्व्हेन्शन आहे, म्हणजे जहाजावरच्या लोकांच्या प्रशिक्षणाचा आणि सर्टिफिकेटांचा आंतरराष्ट्रीय करार, त्यानुसार त्या त्या पायरीचं सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी लागतं, समुद्रावरचे महिने भरावे लागतात, तोंडी परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा घाम काढते. डिग्री आहे पण सर्टिफिकेट नाही असा माणूस वॉच, म्हणजे इंजिनरूमची पाळी, घेऊ शकत नाही. म्हणजे आमच्या धंद्यात शब्दाला कुंपण आहे, पण ते डिग्रीचं नाही, जबाबदारीचं.

विमानात पण होता असा एक, फ्लाइट इंजिनिअर. पायलटांच्या मागे आडवी खुर्ची, समोर भिंतभर मीटर, इंधन कुठल्या टाकीतून कुठे न्यायचं, इंजिनचं तापमान, हवेचा दाब सगळं तोच बघायचा. सुरुवातीच्या बोइंग ७४७ मध्ये हा तिसरा माणूस होता, १९८९ मध्ये ७४७-४०० आलं त्यात कॉम्प्युटरने त्याचं काम घेतलं आणि खुर्चीच गेली.

गर्डरवाली

मी स्ट्रक्चरलमधली, त्यामुळे आतेभावाचा राग मला कळतो, पण त्याने मांडलं चुकीचं.

कुंपण कुठे आहे ते आधी. अमेरिकेत लायसन्स राज्याराज्याचं, पहिला कायदा १९०७ मध्ये वायोमिंगचा, आणि तो पण पूल पडला म्हणून नाही तर पाण्याच्या हक्काच्या अर्जांसाठी कोणीही नकाशे काढून खाली इंजिनिअर म्हणून सही ठोकत होतं म्हणून. टेक्सासचा कायदा मात्र रक्तातून आला, १९३७ मध्ये न्यू लंडन गावातल्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले, त्याच वर्षी कायदा झाला. कॅनडात तर 'इंजिनिअर' हे पदनामच राखीव, प्रांताच्या संस्थेकडे नोंदणी नसेल तर सहसा लावायचं नाही. जर्मनीत 'इंगेनिअर' राज्यांच्या कायद्यांनी राखलेला आहे. ब्रिटनमध्ये उलटं, नुसता इंजिनिअर कोणीही लावावा, वॉशिंग मशीन दुरुस्तीवाला पण इंजिनिअर, पण 'चार्टर्ड इंजिनिअर' लावायचं तर मान्यता हवी. भारतात आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, वकिलांना १९६१ चा, इंजिनिअर या शब्दाला तसा देशभराचा कायदाच नाही. स्थानिक संस्था इमारतीच्या परवानगीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी मागतात, पण ती त्या कामापुरती.

आता कुंपण कशाला, तर हे वाचा. कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल, १७ जुलै १९८१. लॉबीत हवेत टांगलेले वॉकवे, म्हणजे चालायचे पूल, चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्या मजल्याचा बरोबर त्याच्या खाली. मूळ कल्पना अशी की छतापासून एकच लांब स्टीलचा रॉड दोन्ही वॉकवेच्या आडव्या बीममधून आरपार जाणार आणि प्रत्येक बीमच्या खाली एकेक नट. म्हणजे वरच्या नटवर फक्त वरच्या वॉकवेचा भार. पण एवढ्या लांब रॉडला मधेपर्यंत आटे पाडायचे आणि ते न खराब करता बसवायचे म्हणजे डोक्याला ताप, म्हणून फॅब्रिकेटरकडून, म्हणजे स्टीलचे भाग बनवून देणाऱ्या कंपनीकडून, बदल आला, की एक रॉड छतापासून वरच्या बीमपर्यंत आणि दुसरा वेगळा रॉड वरच्या बीमपासून खालच्या बीमपर्यंत. कागदावर बघितलं तर काहीच फरक वाटत नाही. दोन माणसांनी एकाच दोरीला वेगवेगळं लटकणं आणि एकाने दोरीला आणि दुसऱ्याने त्याच्या पायाला लटकणं, एवढाच फरक. वरच्या बीमखालच्या नटवर एकदम दोन्ही वॉकवेचा भार आला.

त्यात बीम कसले, तर दोन चॅनेल (इंग्रजी सी आकाराच्या स्टीलच्या पट्ट्या) तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले, आणि रॉडचं भोक नेमकं वेल्डमधून. त्या संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम, वॉकवेवर बघे, नट बीम फाडून वर आला आणि ११४ माणसं मेली. चौकशीत निघालं की मूळ डिझाइनसुद्धा बांधकामाच्या नियमावलीने (कोडने) मागितलेल्या ताकदीच्या साठ टक्केच होतं, बदलानंतर तीस राहिलं. ड्रॉइंगवर लायसन्सवाल्या इंजिनिअरचा शिक्का होता, त्या जोडाचं गणित कोणी नीट केलेलंच नव्हतं. मिझुरी राज्याच्या (हे कॅन्सस सिटी त्यातच) इंजिनिअरिंग बोर्डाने संबंधित इंजिनिअरांची लायसन्सं काढून घेतली.

फॅब्रिकेटरने सुचवलं, फॅब्रिकेटरने बनवलं, पण लायसन्स गेलं ते शिक्केवाल्याचं. माझ्या लेखी राखीव शब्दाचा अर्थ हा आहे. हुशारीचं बक्षीस नाही ते, उद्या पडलं तर कोणाची मानगूट धरायची त्याचा पत्ता आहे.

कॅनडातले इंजिनिअर करंगळीत लोखंडी अंगठी घालतात ती १९२५ पासूनची रीत. ती १९०७ मध्ये बांधकाम चालू असताना ७५ माणसांना घेऊन पडलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडाची असते असं फॉरवर्डमध्ये फिरतं, ते मात्र थाप आहे.

लाल_सिग्नल

गर्डरवाली ताई, मुद्दा सोळा आणे खरा पण कुंपणाची दुसरी बाजू पण सांगा की.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रॉम म्हणून एक गृहस्थ, मूळचे स्वीडनचे, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. २०१३ मध्ये बायकोला सिग्नलच्या कॅमेऱ्याने दंड लावला. हा माणूस दंड भरून गप्प बसेल तर शपथ, त्याने पिवळा दिवा किती सेकंद ठेवायचा त्याचं मूळ सूत्रच खोदून काढलं. ते सूत्र १९६० सालच्या एका पेपरमधलं, त्यात धरलंय की ड्रायव्हरला पिवळा दिसला, प्रतिक्रियेला थोडा वेळ लागला, मग तो एकतर थांबेल नाहीतर त्याच वेगाने सरळ निघून जाईल. पण वळणारा माणूस त्याच वेगाने जात नाही ना, तो चौकात शिरायच्या आधी वेग कमी करतो, म्हणजे त्याला चौक गाठायला जास्त वेळ लागतो, आणि सूत्र त्याला तो वेळ देतच नाही. मग ना धड थांबता येत ना धड निघता येत, आणि कॅमेरा टपलेला.

हे त्याने राज्याच्या इंजिनिअरिंग बोर्डाला लिहून कळवलं, पत्रात लिहिलं की मी इंजिनिअर आहे. बोर्डाने सूत्र राहिलं बाजूला, लायसन्स नसताना इंजिनिअरिंग केलं आणि स्वतःला इंजिनिअर म्हणवलं म्हणून ५०० डॉलरचा दंड लावला! २०१७ मध्ये प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की नुसता 'इंजिनिअर' शब्द वापरणं म्हणजे लोकांना फसवणं नव्हे, त्यावर सरसकट बंदी म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला. आणि कडी म्हणजे २०२० मध्ये अमेरिकेतल्या ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरांच्या संस्थेने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि त्यात वळणाऱ्या गाड्यांचा विचार आला.

शिक्का नसलेल्या माणसाचं गणित बरोबर निघालं. आता बोला.

गर्डरवाली

बोलते की. 'प्रोफेशनल इंजिनिअर' हे पद आणि लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या ड्रॉइंगवरची सही हे राखीव असावं, नुसत्या शब्दावर पोलीस बसवू नये, इतपत मला पटतं. त्या केसमध्ये बोर्डाने हसं करून घेतलं याबद्दल वादच नाही. पण त्याने चूक दाखवली म्हणजे सिग्नल डिझाइनवर सही त्याने करावी असं होत नाही, आणि त्याचं तसं म्हणणं नव्हतंही.

सेमीकोलन_विसरला

वहिनींच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं म्हणून आलो.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा शब्दच मुळी डिवचण्यासाठी वापरला गेला. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोने परिषद भरवली, सॉफ्टवेअर उशिरा येतं, बजेट फाडतं आणि आलं तरी चालत नाही हे तेव्हाही होतं (वाचून बरं वाटलं), आणि परिषदेचं नाव मुद्दाम 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' ठेवलं, म्हणजे बाबांनो पूलवाल्यांकडे जशी शिस्त आहे तशी तुमच्याकडे नाही, यावी. अपोलो यानाच्या सॉफ्टवेअरच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन यांनी पण हाच शब्द धरला होता, कारण त्यांच्या कामाला कोणी इंजिनिअरिंग समजतच नव्हतं.

मग आम्हाला शिक्का का नाही? प्रयत्न झाला. अमेरिकेत लायसन्सची सॉफ्टवेअरची परीक्षा २०१३ ला सुरू केली आणि २०१९ मध्ये बंद केली, बसायलाच कोणी येईना. कोणाला लागतंच नाही तर कोण देणार. कॅनडात अल्बर्टामध्ये टेक कंपन्यांचं आणि इंजिनिअरांच्या संस्थेचं वाजलं, शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून सॉफ्टवेअर इंजिनिअर हे पद लायसन्सशिवाय वापरायला मोकळं केलं.

माझं मत विचाराल तर आमच्यातले काही जण खरंच इंजिनिअरिंग करतात, म्हणजे भार किती येईल, कुठलं मशीन पडलं तर काय होईल, चुकलं तर परत मागे कसं जायचं हे आधी लिहून मग हात लावतात, आणि बाकी आम्ही चालतंय ना मग हात नको लावू या तत्त्वावर जगतो. पद दोघांचं एकच. प्रॉम्प्ट इंजिनिअरबद्दल बोलत नाही, पुढच्या वर्षी ते पद राहील की नाही तेच कळत नाहीये. सेल्स इंजिनिअर मात्र खरा असतो हो, गिऱ्हाइकाच्या पाइपलाइनला कुठला पंप बसेल ते त्यालाच काढावं लागतं, फक्त उत्तर नेहमी 'आमचाच' असं येतं.

खडूफळा

क्रियापद सगळे विसरलात. इंग्रजीत 'टू इंजिनिअर' म्हणजे पडद्यामागून घडवून आणणं, बंड इंजिनिअर केलं, कोणाचं पतन इंजिनिअर केलं. मराठीत याला आपल्याकडे 'घडवून आणलं' पासून 'काड्या केल्या' पर्यंत सगळी रेंज आहे. जुन्या इंग्रजीत 'इंजिन' म्हणजे कपट, सापळा असाही अर्थ होता, आणि त्याचाच पुढचा अर्धा तुकडा तुटून 'जिन' झाला. कापसातली सरकी काढणारं जिन तेच, म्हणजे आपण जिनिंग-प्रेसिंग म्हणतो त्यात इंजिन लपलंय. प्यायची जिन वेगळी, ती ज्युनिपरच्या फळावरून, तिकडे घसरू नका.

आणि सोशल इंजिनिअरिंग बघा, एकच शब्द आणि तीन दुनिया. समाजशास्त्रात म्हणजे धोरणं आखून समाज घडवणं, तत्त्वज्ञ कार्ल पॉपर म्हणायचा की एकदम सगळा समाज पालटायला जाऊ नका, तुकड्या-तुकड्याने करा आणि चुकलं तर दुरुस्त करा. आपल्या पेपरात निवडणुकीच्या पानावर सोशल इंजिनिअरिंग म्हणजे जातींची बेरीज, उत्तर प्रदेशातल्या २००७ च्या निकालानंतर तर फारच. आणि सायबरवाल्यांच्या भाषेत म्हणजे गोड बोलून ओटीपी काढून घेणं. शेवटचे दोन अर्थ एकाच बातमीत आले तरी वाचणाऱ्याला काही खटकणार नाही.

बिल_पेंडिंग

कॉन्ट्रॅक्टमधला इंजिनिअर राहिला. फिडिक म्हणजे कन्सल्टिंग इंजिनिअरांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या बांधकाम कराराच्या लाल पुस्तकात (पहिली आवृत्ती १९५७) 'द इंजिनिअर' असा मोठ्या अक्षरातला एक प्राणी असतो. त्याची नेमणूक मालक करतो, पैसे मालक देतो, १९९९ च्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलंय की तो मालकातर्फे वागतो असं धरायचं, आणि तरी मुदतवाढ किंवा जादा रकमेवर मतभेद झाला की त्यानेच दोघांशी बोलून न्याय्य निर्णय द्यायचा. तो एक माणूस असेलच असं नाही, अख्खी कन्सल्टंट फर्म असू शकते. सही त्याची आल्याशिवाय बिल हलत नाही. आमच्या साइटवर इंजिनिअर या शब्दाचा अर्थ एकच, 'साहेब आज आहेत का?'

टेस्टलॅम्प

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. आतेभावाला धागा पाठवला, त्याने हयातवाला भाग निळ्या टिकसकट वाचला आणि 'हे मीच सांगणार होतो' एवढंच लिहिलं. वहिनीने गार्मिशवर बदाम टाकलाय.

दोन गोष्टी राहिल्या. एक, टेक्निशियन आणि इंजिनिअर यात जगभर चालेल असा काही फरक आहे का? आणि दुसरं जरा कामाचं, मला लवकरच कॅनडात मशीन कमिशनिंगला, म्हणजे बसवून चालू करून द्यायला, पाठवतायत, ऑन्टॅरिओत, आणि माझ्या कार्डावर, मेलच्या सहीत, कमिशनिंग रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये सगळीकडे इंजिनिअर आहे. काही लफडं होईल का?

गर्डरवाली

पहिल्याचं उत्तर, शिक्षणापुरता फरक ठरलेला आहे. तीन आंतरराष्ट्रीय करार आहेत, वॉशिंग्टन अकॉर्ड (१९८९) इंजिनिअरिंगच्या डिग्रीसाठी, सिडनी अकॉर्ड (२००१) टेक्नॉलॉजिस्टसाठी आणि डब्लिन अकॉर्ड (२००२) टेक्निशियनसाठी. ढोबळ मानाने कधी न आलेला, गुंतागुंतीचा प्रश्न पहिल्यापासून सोडवणं हे पहिल्याचं, माहीत असलेलं तंत्र नव्या ठिकाणी बसवणं हे दुसऱ्याचं आणि ठरलेल्या पद्धतीने काम चोख करणं हे तिसऱ्याचं. भारत वॉशिंग्टनमध्ये २०१४ पासून पूर्ण सभासद आहे. पण ही वाटणी अभ्यासक्रमाची आहे, माणसाची नाही, दहा वर्षं मशीन खोलणारा डिप्लोमावाला कधी न आलेले प्रश्नच सोडवत असतो. आणि टेक्निशियन ही शिवी नाहीये, ब्रिटनमध्ये 'इंजिनिअरिंग टेक्निशियन' हे नोंदणीचं पद चार्टर्डइतकंच राखीव आहे.

दुसऱ्याचं, लफडं नको असेल तर इंजिनिअर काढून टाका. ऑन्टॅरिओत लायसन्सधारक आहे असा समज होईल अशा रीतीने तो शब्द लावणं हा गुन्हा आहे, आणि कमिशनिंग रिपोर्टखाली सहीच्या शेजारी तो छापलेला असेल तर समज होणारच. कार्ड आणि मेलवर 'फील्ड सर्व्हिस स्पेशलिस्ट' करा. रिपोर्टमध्ये तुम्ही काय बसवलं, काय मोजलं, रीडिंग काय आलं एवढं लिहा. मशीनची सुरक्षितता तपासून सर्टिफाय केली असल्या ओळीखाली सही करू नका, ते काम तिथल्या लायसन्सवाल्याचं, आणि तो गिऱ्हाइकाने आणायचा की तुमच्या कंपनीने हे निघायच्या आधी लेखी ठरवून घ्या. पाना हातात घ्यायला या पदनामाच्या कायद्याची आडकाठी नाही, व्हिसाचं मात्र वेगळं बघा.

तेलकट_हात

+१. आणि रिपोर्टचा फॉरमॅट एचआरकडे नाही, क्वालिटीकडे असतो, तो बदलायला कार्डापेक्षा जास्त वेळ लागतो, आजच मेल टाका.

टेस्टलॅम्प

टाकला. क्वालिटीवाल्याने विचारलंय की स्पेशलिस्ट केलं तर डॉक्युमेंटचा रिव्हिजन नंबर वाढवायचा का.